पीएमएस ५००३: पीएम २.५ साठी घ्या, पीएम १० साठी नको

शहरातल्या हवेचा आणि आजारांचा संबंध तपासायचा तर सगळ्या शहरामागे एक-दोन महागडी यंत्रं पुरत नाहीत. हमरस्त्यालगतची हवा वेगळी आणि दोन गल्ल्या आतली वेगळी. म्हणून ठिकठिकाणी स्वस्त सेन्सर लावतात, आणि त्यात प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस ५००३ बराच चालतो. हवेतल्या २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात, १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना पीएम १०.

डबी काडेपेटीहून थोडी मोठी. पंखा हवा आत ओढतो, कणांवर लेझर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून चिप वस्तुमानाचा अंदाज बांधते. प्रत्यक्ष वजन कुठेच होत नाही, आणि याच्या बहुतेक खोडी इथूनच सुरू होतात.

जोडणी सोपी आहे. पंख्याला ५ व्होल्ट लागतात, पण डेटाच्या तारा ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्टचा बोर्ड असेल तर मध्ये लेव्हल कन्व्हर्टर (व्होल्टेज जुळवणारा सुटा भाग) घाला. डेटाचा वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), प्रत्येक संदेश ३२ बाइटचा. शेवटच्या २ बाइटची चेकसम (संदेश बिनचूक आला का हे पडताळणारी बेरीज) तपासली नाही तर नोंदींत मधूनच अशक्य आकडे घुसतात. झोपेतून उठवल्यावर पहिली ३० सेकंदं टाकून द्या. धातूचं आवरण ग्राउंडला जोडलेलं असतं, ते दुसऱ्या सर्किटला टेकू देऊ नका. खोक्यात बाहेर पडलेली हवा फिरून आतच ओढली जाणार नाही, एवढी आडभिंत हवीच.

खरी गंमत आकड्यांत. सेन्सर पीएम २.५ चे दोन आकडे देतो, 'सीएफ=१' (प्रमाणित कणांवर बेतलेला) आणि 'वातावरणीय' (मोकळ्या हवेसाठीचा). हवा स्वच्छ असताना दोन्ही जुळतात, प्रदूषण वाढलं की सीएफ=१ दीडपटीपर्यंत जातो. कुठला साठवला हे लिहून न ठेवलेल्या नोंदी पुढे कशाशीच ताडता येत नाहीत.

आर्द्रतेचा त्रास याहून मोठा. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर त्यालाच प्रदूषण समजतो. हेच सेन्सर जोडीने वापरणाऱ्या पर्पलएअर यंत्रांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) दिलेलं सूत्र असं: ०.५२४ × सीएफ=१ − ०.०८६२ × सापेक्ष आर्द्रता + ५.७५. दिवसाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर उत्तर २०.७ येतं, म्हणजे जवळपास निम्मं. सूत्र तिथल्या हवेवरून बसवलेलं आहे. दुसरीकडे डोळे झाकून लावू नये. अधिकृत केंद्रातल्या यंत्राशेजारी सेन्सर निदान दोन आठवडे ठेवून स्वतःचं समीकरण काढावं, आणि ऋतू बदलला की पुन्हा.

हे टाळलं तर फटका थेट आरोग्याच्या निष्कर्षाला बसतो. लोकांचा प्रदूषणाशी आलेला संपर्क सगळीकडे दुप्पट मोजला की दर १० मायक्रोग्रॅममागचा धोका निम्मा दिसतो. त्यात दमट, गार दिवसांत दम्याचे रुग्ण एरवीही वाढत असतील, तर सेन्सरची चूक आणि आजार हातात हात घालून वर जातात आणि नसलेलं नातं कागदावर उमटतं. नुसती सरासरी घेऊन ही चूक धुतली जात नाही.

पीएम १० चा रकाना मात्र सरळ सोडून द्यावा. जाड कण लेझरपर्यंत नीट पोचतच नाहीत. बांधकामाची धूळ किंवा धुळीचं वादळ असलं तरी आकडा फारसा हलत नाही.

प्रत्येक ठिकाणी दोन सेन्सर लावा. धूळ साचली, पंखा दमला किंवा कोळ्याने आत जाळं केलं, तर एकट्या सेन्सरचा आकडा वरकरणी ठीकच दिसतो; जोडीत मात्र फरक पडायला लागला की लगेच कळतं.