सामुराय 7 चा शेवटचा व्हॉल्यूम : आठ महिने जवळ ठेवल्यावर

आधीच सांगते, पुढे स्पॉइलर्स आहेत, भरपूर आहेत. ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथेच थांबा, बघून झाली की या.

तर मागच्या दिवाळीत न्यू जर्सीहून माझी आत्तेबहीण आली ती येताना सामुराय 7 चा डीव्हीडी सेट घेऊन आली, सेकंडहँड पण सातही व्हॉल्यूम पूर्ण. तिकडे फनिमेशन या कंपनीने काढलेला तो सेट. मालिका 2004 ची, जपानी अ‍ॅनिमे (म्हणजे तिकडची कार्टून मालिका), गोंझो स्टुडिओची, एकूण 26 भाग, दिग्दर्शक तोशिफुमी ताकिझावा. अकिरा कुरोसावाच्या 1954 च्या 'सेव्हन सामुराय' सिनेमावर बेतलेली, म्हणजे नावं तीच, गोष्टीचा सांगाडा तोच (दरोडेखोरांपासून वाचायला एक गरीब गाव सात सामुराय आणतं), फक्त काळ पुढचा. मोठं युद्ध होऊन गेलंय, हवेत तरंगणारी राजधानी आहे, आणि गावं लुटणारे दरोडेखोर म्हणजे जुने सामुरायच, ज्यांनी युद्धात स्वतःचं शरीर मशीनला जोडून घेतलं आणि युद्ध संपल्यावर परत माणूस होता आलं नाही. त्यांना नोबुसेरी म्हणतात. मला पहिल्या भागापासून हीच गोष्ट धरून राहिली.

हा रिव्ह्यू फक्त सातव्या व्हॉल्यूमचा आहे, 'गार्डियन्स ऑफ द राइस', म्हणजे भाताचे राखणदार. बाकीचे सहा दोन-दोनदा बघितले असतील, हा पाच वेळा बघितलाय. आणि पहिल्यांदा बघितला तेव्हा मला अजिबात आवडला नव्हता हे खरं आहे, मी तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते.

कारण क्यूझो.

ज्यांनी मूळ सिनेमा बघितलाय त्यांना माहीत आहे की क्यूझो म्हणजे त्या सातांतला सगळ्यात पट्टीचा तलवारबाज, कमी बोलणारा, आणि शेवटी तो गोळी लागून जातो. खरं तर त्या सिनेमात जे चार सामुराय मरतात ते चारही बंदुकीनेच मरतात, तलवारीने त्यांना कोणीच हरवत नाही. अ‍ॅनिमेमधला क्यूझो अजून वेगळा आहे, लाल कोट, पाठीवर दोन तलवारी, आणि तो गावासाठी आलेलाच नाही, तो आलाय कांबेईसाठी, म्हणजे त्या सातांच्या म्होरक्यासाठी. त्याला कांबेईशी लढायचंय, आणि ठरलंय असं की आधी गावाचं काम होऊ दे, मग आपण दोघं बघू. वीस-बावीस भाग आपण त्या लढतीची वाट बघत असतो. आणि शेवटच्या लढाईत राजधानीच्या आत काय होतं, तर कात्सुशिरो, सगळ्यात लहान, ज्याने तलवार सोडून कशाचाच विचार केला नाही, तो बंदूक उचलतो आणि समोरच्यांवर झाडायला जातो, मदत करायलाच जातो, आणि गोळी क्यूझोला लागते. आपल्याच पोराच्या हातून. ती लढत होतच नाही. कधीच होत नाही.

मी त्या रात्री टीव्ही बंद केला आणि बहिणीला मेसेज केला की हे काय केलंय यांनी, फसवणूक आहे ही. ती म्हणाली परत बघ. मी म्हटलं नाही बघणार.

जानेवारीत परत बघितला, तेव्हा मध्ये मूळ सिनेमाही पूर्ण बघून झाला होता (207 मिनिटं, दोन रात्रींत बघितला), आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. कुरोसावाने बंदूक दरोडेखोराच्या हातात दिली होती, इथे त्यांनी ती आपल्या माणसाच्या हातात दिली. म्हणजे बंदूक आली की सामुरायचा काळ संपला हे दोन्हीकडे आहेच, पण इथे तो काळ संपवणारा माणूस कोण तर ज्याला सामुराय व्हायची सगळ्यात जास्त हौस होती तोच. आणि कात्सुशिरो जिवंत राहतो. सिनेमातही कांबेई, शिचिरोजी आणि कात्सुशिरो हे तिघेच उरतात, इथेही तेच तिघे, पण सिनेमातला कात्सुशिरो प्रेम हरवून उरतो आणि हा जन्मभराचं ओझं घेऊन उरतो. त्याला आवाज दिलाय रोमी पाकने, फुलमेटल अल्केमिस्टमधला एडवर्ड जिने केला तीच. पहिल्या भागातला तिचा आवाज आणि शेवटच्या भागातला आवाज लागोपाठ ऐकून बघा, मुद्दाम ऐका, पोरगं किती म्हातारं झालंय ते आवाजातच कळतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, हा व्हॉल्यूम एकदा बघून त्यावर मत देऊ नका. ही मालिका तुम्हाला हवं ते देत नाही आणि ते तिने ठरवून केलंय, आणि ठरवून केलंय हे पहिल्या वेळी दिसत नाही कारण आपण चिडलेलो असतो.

आता किकुचियो. तोशिरो मिफुनेने जो रोल सिनेमात केला तो इथे आख्खा मशीनचा आहे, लोखंडाचा धिप्पाड गडी, डोक्यातून वाफ सोडणारा, सतत ओरडणारा. सुरुवातीला तो मला नुसता दंगा वाटायचा. पण तो मुळात शेतकऱ्याचा पोर, त्याला सामुराय व्हायचंय, आणि गावातली छोटी मुलगी कोमाची त्याला सांगून मोकळी झालेली असते की मी मोठी झाले की तुझ्याशीच लग्न करणार. शेवटच्या भागात ती राजधानी, ते एवढं मोठं धूड, कोसळत कोसळत थेट गावाच्या दिशेने येतं, आणि त्याच्यासमोर हा एकटा तलवार घेऊन उभा. इथे माझ्या डिस्कवर नेमका चरा आहे, चित्राचे चौकोन चौकोन होतात चार-पाच सेकंद आणि मग परत सुरू होतं, आणि परत सुरू होतं तेव्हा तो मागे मागे ढकलला जातोय पण पडत नाहीये. मी पाचही वेळा त्या चौकोनांच्या आधीच रडायला लागलेली असते. नोबुसेरींनी मशीन होऊन गावं लुटली आणि याने मशीन होऊन गाव वाचवलं. लोखंड दोघांचं तेच.

हेइहाचीबद्दल लोक कमी बोलतात, म्हणून बोलते. तो कारागीर माणूस, हसतमुख, भात दिसला की खूश, आणि आत कुठेतरी युद्धातल्या एका विश्वासघाताचं दुखणं घेऊन फिरणारा. तोही या व्हॉल्यूममध्ये जातो. किकुचियोच्या मरणासमोर त्याचं मरण जरा झटपट उरकलंय असं मला अजूनही वाटतं, त्याला अजून दोन मिनिटं द्यायला हवी होती.

न आवडलेलं अजून आहे. उक्यो हा खलनायक म्हणून लिहिलाय भारी, सम्राटाचा क्लोन, गोडबोल्या, शेतकऱ्यांचा कैवारी म्हणून पुढे येतो आणि गावंच्या गावं त्याच्यावर विश्वास ठेवतात, आणि आपल्याला बघताना कळत असतं की हा जे बोलतोय ते ऐकायला किती बरोबर वाटतंय. पण शेवटी शेवटी त्याचं वेडेपण जास्त दाखवलं आणि डोकं कमी, मला तो थंड डोक्याचाच जास्त भीतीदायक वाटायचा. आणि तलवारीने उडती जहाजं कापणं वगैरे, ते तुम्हाला पटत नसेल तर सातव्या व्हॉल्यूमला पटायची शक्यता शून्य, इथे ते सगळ्यात जास्त आहे.

चित्राचं म्हणाल तर एका भागाला सुमारे 3 कोटी 25 लाख येन खर्च केले होते, तेव्हाच्या नेहमीच्या अ‍ॅनिमेच्या दुपटीहून जास्त, आणि मालिका बनवलीच होती हाय डेफिनिशनमध्ये. पण डीव्हीडीवर ते एचडी येत नाही ना, त्यामुळे आत्ताच्या मोठ्या टीव्हीवर कॉम्प्युटरने केलेली जहाजं आणि हाताने काढलेली माणसं यांच्यातला सांधा दिसतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी ब्लू-रे बघा. माझ्याकडे जुना 21 इंची मॉनिटर आहे, त्यावर मात्र मस्त दिसतं, रंग एकदम बसतात, म्हणून मी आता तिथेच बघते. अजून एक, हा सेट अमेरिकेतला म्हणजे रीजन 1 चा आणि आपला भारत रीजन 5 मध्ये येतो, आमच्या घरच्या प्लेयरने डिस्क घेतलीच नाही, मल्टी-रीजन प्लेयर शोधेपर्यंत डिसेंबर उजाडला. मागवणार असाल तर आधी प्लेयरचं बघा.

आवाज जपानीच ठेवा, सबटायटल्स लावा. इंग्रजी डबमध्ये किकुचियोचा ख्रिस्तोफर सॅबट चांगला आहे, पण कांबेईच्या गप्प बसण्याला जो जडपणा आहे तो जपानीतच लागतो. आणि संगीत काओरू वादा आणि एइतेत्सु हायाशी या दोघांचं, हायाशी म्हणजे ताइको, म्हणजे जपानी ढोल, वाजवणारा मोठा माणूस. लढाईत ते ढोल सुरू झाले की छातीत वाजतात, हेडफोन नका लावू, स्पीकरवर ऐका.

आता शेवट, त्याच्याबद्दल लिहायलाच खरं तर बसले. लढाई संपते, गावात भाताची लावणी सुरू होते आणि उरलेले सामुराय बाजूला उभे असतात. किरारा, जी पहिल्या भागापासून सामुराय शोधत फिरली, ती कांबेईला आपलं मन सांगते आणि कांबेई नाही म्हणतो, आपल्या आतलं सगळं कधीच सुकून गेलंय असं काहीसं सांगतो. पाण्याची पुजारीण आणि सुकलेला माणूस. पहिल्या वेळी मला हा माणूस दगड वाटला. आता वाटतं त्याने तिला खोटं आयुष्य द्यायचं टाळलं, ज्याची सगळी माणसं टेकडीवर पुरलेली आहेत त्याने त्या शेतात उतरून काय करायचं.

मे महिन्यात गावी गेले होते, आमचं गाव लांज्याजवळ, तेव्हा लॅपटॉपवर आजीला हा शेवटचा भाग दाखवला. आजीला जपानी कळत नाही आणि सबटायटल्स वाचता येत नाहीत. मारामारीत तिला रस नव्हता, ती मध्ये उठून फणस बघून आली. पण लावणी सुरू झाली तशी ती पुढे सरकून बसली, चष्मा पुसला, आणि विचारलं की हे लोक कुठले, तरवा आपल्यासारखाच लावतात की. मी म्हटलं जपानचे. ती थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "आणि ती तिकडे उभी आहेत ती कोण? कामाला का नाही उतरत?" मी सांगितलं की त्यांनीच गाव राखलं, दरोडेखोर मारले. तिने परत स्क्रीनकडे बघितलं. "मग त्यांना जेवायला तरी वाढा म्हणावं आधी," म्हणाली.

मला ते इतकं लागलं. आख्ख्या गोष्टीत त्या सामुरायांना मजुरी काय ठरली होती, तर भात. पोटभर भात. गावाकडे दुसरं द्यायला काही नव्हतंच. आणि शेवटी नवीन भात लावायला घेतलाय तेव्हा तो खायला चौघं नाहीत. त्यातला चौथा, गोरोबेई, तर गावच्या पहिल्या लढाईतच गेला होता. हे मला इतक्या महिन्यांत, चार वेळा बघून दिसलं नव्हतं, आजीला चाळीस सेकंदात दिसलं. पाचव्यांदा मी एकटीने बघितला तो तिथून परत आल्यावर, आणि तेव्हा मी लावणीकडे बघितलंच नाही, त्या तिघांच्या हातांकडे बघत होते.

आता रेटिंग, पाचपैकी साडेचार. अर्धा हेइहाचीसाठी कापलाय. नुसता हा व्हॉल्यूम घेऊ नका, पहिल्यापासून बघा, मधले काही भाग लांबतात, दुसऱ्या अर्ध्यात तर गाव सोडून राजधानीच्या मागे खूप फिरवलंय, तरी सोडू नका.

सध्या सेट माझ्याकडे नाहीये, चुलत भाऊ घेऊन गेलाय. काल त्याचा फोन आला, पाचवा व्हॉल्यूम संपला म्हणाला, आणि विचारत होता की क्यूझो आणि कांबेईची फाइट नक्की कुठल्या भागात आहे. मी सांगितलं, बघत राहा.