पेन्स ग्रे: आठ महिने, एक ट्यूब आणि पावसाळी समुद्र

जूनमध्ये जलरंगातल्या पेन्स ग्रेची, म्हणजे गडद निळसर राखाडी रंगाची, ट्यूब घेतली ती समुद्रासाठीच. भर पावसातलं मालवण काढायचं होतं. आता फेब्रुवारी उजाडला, ट्यूब संपत आली, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिले दोन महिने मी जाम खूश होतो. आभाळ, लाटा, खडक सगळं त्या एकाच रंगात, आणि चित्र लगेच गंभीर दिसायचं. मग एके दिवशी सगळी चित्रं ओळीनं भिंतीला लावली. एकही उदास वाटेना, सगळी नुसती मळकट. त्यात हा रंग वाळला की फिका पडतो. रात्री अंगावर आलेले ढग सकाळी भांडी विसळलेल्या पाण्यासारखे.

कारण ट्यूबवरच छापलेलं होतं. पीबी २९ हा रंगद्रव्याचा संकेतांक, म्हणजे अल्ट्रामरीन हा गडद निळा, आणि जोडीला काळा. ज्यांच्या नावानं हा रंग ओळखला जातो, त्या इंग्रज जलरंग चित्रकार विल्यम पेन यांच्या मूळ मिश्रणात निळा, मातकट पिवळा आणि लाल होता. काळ्यानं रंग गडद होतो, पण त्यातला जीव जातो.

आपला पावसाळी समुद्र मुळात राखाडी नसतोच. नद्या जांभ्याची तांबडी माती आणून ओततात, पाणी गढूळ होतं. म्हणून ऑगस्टपासून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) थेट ओल्या कागदावर सोडायला लागलो. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत कागद लवकर वाळत नाही, त्याचा इथं फायदाच. दोन्ही रंग एकमेकांत पूर्ण विरघळत नाहीत, कुठं निळसर, कुठं तांबूस राहतात. ते बघताना पोटात कालवतं.

इंग्रज चित्रकार टर्नर यांनी १८४२ मध्ये ‘पीस: बरिअल ॲट सी’ दाखवलं, चित्रकार डेव्हिड विल्की यांच्या समुद्रातल्या दफनाचं. शिडं काळीकुट्ट, पण मधोमध मशालीचा उजेड आहे, म्हणून तो काळा छातीवर बसतो. ते पाहून मी क्षितिजावर यलो ऑकरची, म्हणजे मातकट पिवळ्याची, बारीक रेघ ठेवली. आई चित्रासमोर बराच वेळ थांबली. म्हणाली, “पाऊस यायचाय का येऊन गेलाय रं?”

पेन्स ग्रे टाकून दिलेला नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी झटपट छायाप्रकाश टिपायला तो उत्तम, आणि खडकांच्या पाण्यालगतच्या कडेला अजून तोच लावतो. पुढची ट्यूब घेईन, पण पाच मिलीची.