लँडस्केप आर्किटेक्टकडून रस्त्याचं ड्रॉइंग करून घेतलं: जुळे सोलापूरचा अनुभव

आमच्या लेआउटच्या ३० मीटर रुंद मुख्य रस्त्यासाठी लँडस्केप आर्किटेक्ट नेमावा, हा आग्रह माझाच. नोकरी ओव्हरसियरची झाल्यानं ड्रॉइंग वाचायची सवय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रंगीत चित्रं देखणी आहेत, मंडळी त्यावरच खूश झाली. माझ्या मते पैसे वसूल झाले ते १:५० च्या क्रॉस सेक्शनमध्ये, म्हणजे रस्ता आडवा कापला तर कसा दिसेल त्या ड्रॉइंगमध्ये. मधोमध ३ मीटरचा दुभाजक, त्याच्या दोन्ही अंगांना ७ मीटर डांबरी रस्ता, मग अडीच मीटर झाडांचा पट्टा, २ मीटर सायकल ट्रॅक, २ मीटर फुटपाथ. आणि त्याच कागदावर जमिनीखालचंही सगळं: पाण्याची लाइन, केबल, गटार किती खोल, मुळांपासून किती लांब.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. फुटपाथच्या फरश्या त्यामुळंच उचकटतात. आर्किटेक्ट मॅडमनी फुटपाथखालची माती काढून मुरूम भरायला सांगितलाय. झाडांना सुटे खड्डे न देता सलग चर दिलाय, म्हणजे मुळं लांबवर जातील. कर्बला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दगडी काठाला, खाचा ठेवल्यात, त्यातून रस्त्यावरचं पावसाचं पाणी थेट आळ्यात उतरेल. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात ही खाच लाखमोलाची आहे. पॅरिसमध्ये १८५० नंतर इंजिनिअर आल्फाँ यांच्या देखरेखीखाली मोठे रस्ते सजले, तेव्हा बुंध्याभोवती बिडाच्या जाळ्या बसवल्या होत्या. लोक वरून चालतात, पाणी खाली मुरतं. आमच्या बसथांब्याजवळ तशाच जाळ्या घेतल्यात.

झाडं कडुलिंब, करंज, बकुळ. गुलमोहर हवा म्हणून बऱ्याच जणांनी हट्ट केला, मॅडमनी ठाम नकार दिला: मुळं वरच्यावर, फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात मोडतात. हे मला फार पटलं.

दोन गोष्टी खटकल्या. ड्रॉइंगच्या पहिल्या सेटमध्ये दुभाजकावर चक्क लॉन होतं! सोलापुरात त्याला पाणी कुठनं घालायचं? सांगितल्यावर तिथं कण्हेर आली. दुसरं म्हणजे झाडांच्या यादीत रोपाची उंची आणि बुंध्याचा घेर नव्हता. तो लिहिला नाही तर ठेकेदार काडीएवढी रोपं आणून लावतो. तुम्ही काम देणार असाल तर हे दोन्ही आकडे आणि पहिल्या काही उन्हाळ्यांत झाडांना लागणाऱ्या टँकरचा अंदाज, आगाऊ रक्कम द्यायच्या आधीच करारात लिहून घ्या.