अमेरिकेत प्री-हेल्थ की बायोटेक्नॉलॉजी: पदवीच्या चार वर्षांतील विषयांच्या अटींची तुलना

अमेरिकेतील विद्यापीठात पहिल्या सेमेस्टरचे विषय निवडताना प्री-हेल्थ आणि बायोटेक्नॉलॉजी ही दोन नावे शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे ते एकाच जातीचे दोन पर्याय असावेत असे वाटते. प्रत्यक्षात बायोटेक्नॉलॉजी ही पदवी आहे. तिचे विषय, क्रेडिट आणि शेवटचा प्रकल्प विद्यापीठाचा विभाग ठरवतो, आणि ठरलेली सुमारे १२० क्रेडिट (अभ्यासाचे वजन मोजणारी एकके) पूर्ण झाली की पदवी हातात पडते. प्री-हेल्थ ही बहुतेक ठिकाणी पदवी नसते आणि मेजरही, म्हणजे पदवीचा मुख्य विषयही, नसते. पुढे वैद्यकीय, दंतवैद्यकीय, औषधनिर्माण किंवा फिजिओथेरपीच्या महाविद्यालयात प्रवेश मागताना जे विषय पूर्ण झालेले असावे लागतात त्यांची ती यादी आहे. ही यादी आपले विद्यापीठ ठरवत नाही, जिथे अर्ज करायचा ती संस्था ठरवते. म्हणून इतिहासाची पदवी घेणारा विद्यार्थीही प्री-हेल्थ असू शकतो आणि बायोटेक्नॉलॉजीची पदवी घेणाराही. तुलना करायची ती दोन पदव्यांची नव्हे, तर दोन मागण्यांची: एक पदवी देणाऱ्याची आणि दुसरी पुढे प्रवेश देणाऱ्याची.

वैद्यकीय प्रवेशाच्या यादीचा गाभा जुना आहे. शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० मधील अहवालाने वैद्यकीय शिक्षणाआधी जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांची महाविद्यालयीन पातळीवरील तयारी असावी असा आग्रह धरला, आणि शंभरहून अधिक वर्षांनंतरही यादीचा सांगाडा तोच आहे. एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष सामान्य रसायनशास्त्र, एक वर्ष सेंद्रिय रसायनशास्त्र, एक वर्ष भौतिकशास्त्र, हे सर्व प्रयोगशाळेसह. त्यात एक सेमेस्टर बायोकेमिस्ट्री, एक वर्ष इंग्रजी लेखन आणि गणितात बहुतेक वेळा संख्याशास्त्र. २०१५ पासून एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग आला. चार विभागांपैकी हा एक, म्हणजे एकूण गुणांचा चौथा हिस्सा. त्यामुळे हे दोन विषय अनेक महाविद्यालयांच्या यादीत केवळ ‘शिफारस’ म्हणून असले तरी ते टाळणे परवडत नाही. काही वैद्यकीय महाविद्यालयांनी अलीकडे ठरावीक विषयांची सक्ती सोडून क्षमतांची भाषा स्वीकारली आहे. पण एकाच विद्यार्थ्याला पंधरा-वीस ठिकाणी अर्ज करावा लागतो, त्यामुळे त्यातल्या सर्वांत कडक यादीनुसार चालण्यावाचून गत्यंतर नसते.

‘हेल्थ’ या एका शब्दात किती वेगवेगळे व्यवसाय कोंबलेले आहेत हे मात्र आधी पाहायला हवे. फिजिशियन असिस्टंटच्या (डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणाऱ्या व्यावसायिकाच्या) कार्यक्रमांना शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेसह लागते, सूक्ष्मजीवशास्त्र लागते आणि त्याखेरीज रुग्णसेवेच्या प्रत्यक्ष अनुभवाचे शेकडो, कधी हजारो तास लागतात; भौतिकशास्त्राची मात्र अनेक ठिकाणी गरज नसते. औषधनिर्माणशास्त्राच्या फार्म-डी पदवीला कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र लागते, काही ठिकाणी अर्थशास्त्र आणि भाषणकलाही. दंतवैद्यकीय प्रवेशाच्या डॅट परीक्षेत भौतिकशास्त्राचा एकही प्रश्न नसतो, पण बहुतेक दंतमहाविद्यालयांना हा विषय प्रगतिपुस्तकात हवा असतो. ऑप्टोमेट्रीच्या ओॲट परीक्षेत तो परीक्षेतही असतो. फिजिओथेरपीला शरीररचना, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र एकत्र लागतात. ‘मी प्री-हेल्थ करतो आहे’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत ‘कोणते हेल्थ’ या प्रश्नाला कच्चे का होईना, उत्तर तयार ठेवावे.

बायोटेक्नॉलॉजी हे नावही वाटते तितके एकजिनसी नाही. हा विषय विद्यापीठाच्या कोणत्या विभागाच्या छपराखाली आहे यावर त्याचा अभ्यासक्रम ठरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील आणि न्यू जर्सीतील रटगर्स येथील बायोटेक्नॉलॉजी मेजर मुळात शेती व पर्यावरण यांच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांत आहेत, म्हणून तिथे वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, बायोइन्फर्मेटिक्स (जैविक माहितीचे संगणकीय विश्लेषण) अशा शाखा निवडता येतात. हाच विषय जीवशास्त्र विभागात असेल तर रेण्वीय जीवशास्त्रावर भर येतो आणि अभियांत्रिकीच्या बाजूला असेल तर बायोप्रोसेसिंग (सजीव पेशींकडून उत्पादन घेणे), किण्वन आणि शुद्धीकरणाच्या प्रक्रियांवर. कम्युनिटी कॉलेजातील, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयातील, कार्यक्रम आणखी वेगळा. तो कारखान्यातील आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ घडवतो. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून काही कम्युनिटी कॉलेजांना पदवी देण्याची परवानगी दिल्यानंतर मिराकोस्टा आणि सोलानो या कॉलेजांनी बायोमॅन्युफॅक्चरिंगची (जैविक उत्पादनाची) चार वर्षांची पदवीच सुरू केली.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवू. पहिली दोन वर्षे त्या इतक्या जुळतात की निर्णय पुढे ढकलता येतो. पण हा दिलासा फसवाही आहे, कारण विषयाचे नाव सारखे असले तरी आवृत्ती सारखी असेलच असे नाही. सेंद्रिय रसायनशास्त्राचेच पाहा. अनेक विद्यापीठांत त्याची दोन रूपे असतात: दोन सेमेस्टरची, प्रत्येकी प्रयोगशाळेसह पूर्ण मालिका आणि एका सेमेस्टरचा आटोपशीर परिचय. काही बायोटेक्नॉलॉजी कार्यक्रमांना, विशेषतः दोन वर्षांच्या, परिचय पुरतो. वैद्यकीय अर्जाला तो बहुधा पुरत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे परिचय घेतल्यावर मूळ मालिकेकडे वळायचे तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अलीकडे पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या सेमेस्टरच्या जागी बायोकेमिस्ट्री चालवून घेतात, पण त्या एका सेमेस्टरला तरी मालिकेतलाच वर्ग हवा असतो.

भौतिकशास्त्र हा दोन याद्यांमधला सर्वांत ठळक फरक. वैद्यकीय, दंत, ऑप्टोमेट्री आणि फिजिओथेरपी या चारही बाजूंना साधारणपणे दोन सेमेस्टर लागतात. बीजगणितावर आधारलेली आवृत्ती चालते, कॅल्क्युलसची सक्ती नसते. बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीत कुठे दोन सेमेस्टर असतात, कुठे एकच, आणि दोन वर्षांच्या कार्यक्रमात काही वेळा अजिबात नसते. बायोप्रोसेसिंगकडे किंवा जैववैद्यकीय अभियांत्रिकीकडे झुकणाऱ्याला मात्र कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र घ्यावे लागते, आणि ते प्री-हेल्थलाही चालते. गणितात चित्र उलटे होते. वैद्यकीय महाविद्यालयांपैकी कॅल्क्युलस मागणारी थोडी आणि संख्याशास्त्र मागणारी अधिक. बायोटेक्नॉलॉजीला बहुतेक ठिकाणी दोन्ही लागतात.

मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि शरीररचना या तिन्ही विषयांना बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीच्या अनिवार्य विषयांत सहसा जागा नसते, म्हणून प्री-हेल्थ साधायचे असेल तर ते ऐच्छिक क्रेडिटमधून बसवावे लागतात. याउलट अनुवंशशास्त्र, रेण्वीय जीवशास्त्र, बायोइन्फर्मेटिक्स आणि औषधनिर्मितीच्या नियमांचा वर्ग यांपैकी बरेच बायोटेक्नॉलॉजीला अनिवार्य आणि प्री-हेल्थला ऐच्छिक. सूक्ष्मजीवशास्त्र दोन्हीकडे आहे, पण नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी बेतलेला सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग बायोटेक्नॉलॉजी विभाग सहसा धरत नाही. जिथे दोन आवृत्त्या असतील तिथे विज्ञानाच्या मेजरसाठी असलेली, अवघड वाटणारी आवृत्ती घ्यावी, असे माझे मत आहे. ती दोन्ही दारांतून चालते, सोपी आवृत्ती एकाच दारातून.

प्रयोगशाळेच्या बाबतीत दोन मार्गांची वृत्तीच वेगळी आहे. प्री-हेल्थच्या यादीत ‘प्रयोगशाळेसह’ हे शब्द एका अटीसारखे येतात: आठवड्यातून एकदा तीन तास, ठरलेला प्रयोग, ठरलेला अहवाल. बायोटेक्नॉलॉजीत प्रयोगशाळा हाच विषय असतो. पिपेट अचूक धरणे, निर्जंतुक पद्धतीने पेशी वाढवणे, पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) लावणे, जेलवर डीएनए वेगळा करणे, क्रोमॅटोग्राफीने प्रथिन शुद्ध करणे आणि हे सर्व लेखी कार्यपद्धतीनुसार करून त्याची तारीखवार नोंद ठेवणे, याचा हातसराव तिथे होतो. शेवटची गोष्ट कंटाळवाणी वाटते खरी. पण एफडीएच्या (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या) उत्तम उत्पादन पद्धतींच्या नियमांखाली चालणाऱ्या कारखान्यात ज्या कामाची नोंद नाही ते झालेच नाही असे धरतात. ज्याला एकच प्रयोग चार वेळा फसल्यावर पाचव्यांदा लावण्याची चीड येते, त्याने हे काम आपल्याला मानवेल का याचा अंदाज पहिल्याच वर्षी घ्यावा.

गुणांचा हिशेबही दोन्हीकडे वेगवेगळा होतो. बायोटेक्नॉलॉजीच्या नोकरीसाठी एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी) ठीक असला, हाताला काम येत असले आणि इंटर्नशिप झालेली असली की पुष्कळदा भागते. वैद्यकीय अर्जात मात्र जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा वेगळा जीपीए काढला जातो आणि पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही प्रयत्न त्यात मोजले जातात. बायोटेक्नॉलॉजी म्हणून घेतलेले वर्ग या हिशेबात जीवशास्त्रात जातात, पण अभियांत्रिकी विभागातला बायोप्रोसेसिंगचा वर्ग त्याच्या बाहेर राहतो. तिथे मिळवलेल्या ‘ए’ ग्रेडचा विज्ञानाच्या जीपीएला उपयोग नाही. अनिवार्य विषय केवळ ‘पास’ शेऱ्यावर घेणेही प्री-हेल्थला धोक्याचे आहे, कारण अक्षरी ग्रेड आणि बहुधा किमान ‘सी’ अशी अट असते. हायस्कूलमध्येच महाविद्यालयीन पातळीच्या विषयांसाठी दिल्या जाणाऱ्या एपी परीक्षेच्या क्रेडिटचेही तसेच: विद्यापीठाने ते मान्य केले की बायोटेक्नॉलॉजीचे काम होते, पण बरीच वैद्यकीय महाविद्यालये ते पुरेसे मानत नाहीत आणि त्याच विषयाचा वरच्या पातळीवरील वर्ग मागतात.

सर्वांत मोठी ओढाताण होते ती वेळापत्रकाची, आणि तिचा विचार बहुतेक जण उशिरा करतात. पदवीनंतर वर्ष वाया न घालवता थेट वैद्यकीय महाविद्यालयात जायचे असेल तर तिसरे वर्ष संपता संपता, मे-जूनमध्ये, अर्ज भरावा लागतो. त्याआधी एमकॅट झालेली हवी, म्हणजे बायोकेमिस्ट्री, भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्र तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत संपलेले हवे. ही परीक्षा मधल्या सुट्ट्यांसह साधारण साडेसात तासांची आहे. ४७२ ते ५२८ या पट्टीत गुण येतात, आणि ती वर्षात तीनपेक्षा व आयुष्यात सातपेक्षा अधिक वेळा देता येत नाही. नेमक्या त्याच तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात बायोटेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्याची सर्वांत मोलाची इंटर्नशिप असते. एकाच उन्हाळ्यात प्रवेश-निबंध लिहून पूर्णवेळ इंटर्नशिपही करणारे विद्यार्थी असतात, पण त्या दोहोंपैकी एक सहसा कच्चे राहते. वैद्यकीय प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबून येतात, त्यामागे ही दाटी हेही एक कारण असावे. बायोटेक्नॉलॉजी घेऊन वैद्यकीयकडे जाऊ पाहणाऱ्याने ते एक वर्ष आधीच हिशेबात धरले तर पदवीची चार वर्षे बरीच सुसह्य होतात, आणि ते वर्ष एखाद्या संशोधन प्रयोगशाळेत पगारी काम करून काढता येते.

वर्गाबाहेरच्या तासांचीही दोन वेगळी चलने आहेत. प्रवेश समितीला रुग्णांच्या जवळ घालवलेला वेळ, डॉक्टरांचे काम जवळून पाहिलेले तास आणि सेवाकार्य दिसायला हवे असते. संशोधन तिथे जमेची बाजू ठरते, पण रुग्णसहवासाची जागा घेत नाही. कंपनीला रुग्णालयातील तासांशी कर्तव्य नसते, तिला विचारायचे असते की तुम्ही कोणती यंत्रे स्वतः चालवली आहेत.

कम्युनिटी कॉलेजातून सुरुवात करणाऱ्याने एक खबरदारी घ्यावी. तिथल्या दोन वर्षांच्या पदव्यांपैकी ‘अप्लाइड सायन्स’ प्रकारची पदवी नोकरीसाठी बेतलेली असते आणि तिचे कित्येक तांत्रिक वर्ग चार वर्षांच्या विद्यापीठात पूर्ण वजनाने धरले जात नाहीत, तर विद्यापीठात जाण्यासाठी आखलेल्या पदवीचे सामान्य विज्ञानविषय बहुधा धरले जातात. वर्षाचे दोन सेमेस्टरऐवजी छोट्या सत्रांत, म्हणजे क्वार्टरमध्ये, भाग पाडणाऱ्या विद्यापीठांत ‘एक वर्ष’ म्हणजे तीन क्वार्टर. तिथले दोन क्वार्टर घेऊन वर्ष पूर्ण झाले असे समजणारे विद्यार्थी अर्जाच्या वेळी अडतात.

शेवटी, हव्या त्या ठिकाणी पोहोचता आले नाही तर काय, हे पाहावे लागते. अमेरिकेतील एमडी (तिथे डॉक्टर होण्याची मूळ पदवी) महाविद्यालयांत एका वर्षी सुमारे ५२ हजार अर्जदार आणि सुमारे २३ हजार जागा असे प्रमाण राहिले आहे, म्हणजे निम्म्याहून अधिकांना त्या वर्षी परत फिरावे लागते. प्री-हेल्थची यादी स्वतः कोणतीही नोकरी देत नाही. त्या दिवशी उपयोगी पडते ती सोबत घेतलेली पदवी. या एका मुद्द्यावर मी बायोटेक्नॉलॉजीला उघडपणे झुकते माप देतो, कारण गुणवत्ता नियंत्रण, उत्पादन आणि संशोधन सहायक या जागा केवळ पदवीवर मिळू शकतात, विशेषतः बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर परिसर, सॅन डिएगो आणि नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल या भागांत.

एफ-१ व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, शिकणाऱ्याच्या बाबतीत तर हा तोल आणखी झुकतो. अनेक एमडी महाविद्यालये आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण पुढील वर्षांच्या शुल्काची रक्कम आधीच बाजूला ठेवल्याचा पुरावा मागतात. बायोटेक्नॉलॉजीचा समावेश मात्र स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांच्या यादीत असल्याने पदवीनंतर १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला पात्र विद्यार्थी आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागू शकतो. अशा विद्यार्थ्याने बायोटेक्नॉलॉजी मेजर ठेवून भौतिकशास्त्राची दोन आणि मानसशास्त्राचे एक सेमेस्टर ऐच्छिक जागांत बसवावे, आणि ज्या वैद्यकीय महाविद्यालयांत अर्ज करायचा विचार आहे ती एफ-१ अर्जदार घेतात की नाही हे एमकॅटचे शुल्क भरण्याआधी त्यांच्या प्रवेश कार्यालयांकडून लेखी विचारून घ्यावे.