‘कोबा पाणी पितो, वहिनी’

रक्कम आधीच सांगून टाकते, म्हणजे लाज एकदाच वाटेल. घराच्या दुरुस्तीसाठी ठेकेदाराला दिलेले ३,८१,९०० रुपये. मग सगळं फोडून पुन्हा करून घेतलं त्याचे १,३८,०००. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांचं छत रंगवून दिलं त्याचे ११,५००.

ठाणे जिल्ह्यातली १९८६ सालची इमारत, तळमजला अधिक तीन, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जुनं घर घेतल्यावर काय काय होतं ते वाचणाऱ्याला ठाऊक असतं. कोटेशन कमी, उचलीवर उचल, मग फोन बंद. आम्हालाही ठाऊक होतं. पण आमचा माणूस पळालाच नाही! रोज सकाळी साडेनऊला हजर, चहा घेऊन कामाला लागायचा. त्यामुळे आम्ही पळून जाणाऱ्यावर नजर ठेवून बसलो आणि तो राहून लुटत गेला.

सगळ्यात स्वस्ताला काम दिलं म्हणून हसू नका. तीन कोटेशनं घेतली होती: ४,८६,०००, ५,४०,००० आणि ६,१०,०००. मधल्यात आणि खालच्यात फरक ५४,०००चा, म्हणजे संशय यावा इतकाही नाही. शिवाय त्याने आमच्याच इमारतीतल्या दोन घरांची कामं केली होती. कामं म्हणजे नुसती रंगाची, हे नंतर कळलं. ‘यांच्याकडून केलंत ना?’ एवढंच विचारू नका, ‘काय केलंत?’ तेही विचारा.

पैसे असे गेले: टोकन २५,०००, बँकेतून १,२०,०००, मग बिल दाखवून ९४,४०० (८०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १४,४००), मग रोख ८०,०००, शेवटी ६२,५००. तो ९४,४००चा हप्ता त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर गेला, कारण ‘माझ्या खात्याची लिमिट संपलीय’. जीएसटी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची. हे सगळं बिलावर बरोबर होतं. फक्त तो क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या नावाचा आणि कधीच रद्द झालेला होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर अर्ध्या मिनिटात दिसतं. आम्ही ते अर्धं मिनिट सहा महिन्यांनी काढलं.

आता बाथरूम. सात बाय चार फूट, स्लॅब दहा इंच खाली घेतलेला. पद्धत अशी: जुना भराव स्लॅबपर्यंत काढायचा, भेगा आणि पाइपाभोवतीची भोकं भरायची, सिमेंटमध्ये मिसळायच्या कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडवे, भिंतीवर निदान फूटभर वर चढवून. शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. त्यावर कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा सिमेंटमध्ये बसवलेला थर, पाणी जायच्या न्हाणी ट्रॅपकडे फुटाला साधारण तीन मिलिमीटर उतार, भिंतीच्या कोपऱ्यात ‘वाटा’, म्हणजे सिमेंटची गोलाई. सात दिवस पाणी. मग ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलची खूण करायची, ४८ तास थांबायचं आणि खालच्या घराचं छत बघायचं. टाइल त्यानंतर.

खूण मीच केली होती. संध्याकाळी सात वाजता. सकाळी नऊला पाणी खुणेच्या २० मिलिमीटर खाली होतं.

विचारलं तर म्हणाला, “कोबा पाणी पितो, वहिनी. नवीन आहे ना.”

हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच ते इतकं चाललं. कोरडा कोबा पहिल्या दिवशी थोडं पाणी खरंच पितो. पण सात दिवस पाण्याखाली ठेवलेला कोबा? २८ चौरस फुटांवर २० मिलिमीटर म्हणजे ५२ लिटर. अडीच बादल्यांहून जास्त पाणी बंद बाथरूममधून एका रात्रीत नाहीसं झालं आणि आम्ही दोघं तिथे उभे राहून मान डोलावत होतो. गुणाकार सातवीतला आहे. खालचे काका गावी गेलेले, घराला कुलूप, त्यामुळे छत बघता आलं नाही. टाइलवाला दारात उभा, त्याची रोजी १,१०० रुपये, ‘दोन दिवस थांबलात तर तुम्हाला भरावी लागेल’. २,२०० रुपये वाचवले आम्ही! पाणी उतरलं तर खुणेपर्यंत पुन्हा भरा आणि दुसरा दिवस बघा. दुसऱ्या दिवशीही तेवढंच उतरलं तर कोबा पीत नाहीये, गळतोय. खालच्याची किल्ली मागून घ्या, नाहीतर काम पुढे ढकला.

पाच महिन्यांनी काकांच्या छतावर परातीएवढा डाग आला. फोडलं. वर इंचभर कोबा, आणि खाली आमच्याच घरातून निघालेल्या जुन्या टाइल, प्लास्टरचे ढेकळे, सिमेंटच्या पिशव्यांचे कागद. हेच डेब्रिज बाहेर नेण्याचे सहा टेम्पो, ३,००० प्रमाणे १८,००० त्याने आमच्याकडून घेतले होते. टेम्पो बाथरूमखालीच रिकामा झाला होता. कोटिंगचा पत्ता नाही. न्हाणी ट्रॅप आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या जोडात पाइप चिकटवायचं सोल्युशनसुद्धा नाही, नुसता सिमेंटचा माल थापलेला.

गरम पाण्याची लाइन कोटेशनात सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप), एसडीआर ११ (हा पाइपाच्या जाडीचा आकडा). भिंतीतून बाहेर दिसणारी टोकं खरोखर तीच. भिंतीच्या आत मात्र पांढरा यूपीव्हीसी, जो थंड पाण्याचा असतो आणि गिझरच्या पाण्याने मऊ पडतो. पाइपावर लिहिलेलं असतं: सीपीव्हीसीवर आयएस १५७७८, यूपीव्हीसीवर आयएस ४९८५. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा, छापलेली अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. आणि हातपंपाने दाबाची टेस्ट करून घ्या, काटा तासभर हलता कामा नये. तो म्हणाला होता पंप दुसऱ्या साइटवर आहे. भाड्याने मिळतो तो.

वॉटरप्रूफिंगच्या लिक्विडचं गणित तर बिलातच पडलं होतं. ५० किलोच्या पिशवीला २०० मिली, हे डब्यावरच लिहिलेलं असतं. बिल २० लिटरचं, म्हणजे १०० पिशव्यांचं. घरात आलेलं सिमेंट ३४ पिशव्या, म्हणजे सात लिटरही लागलं नसतं. उरलेल्याचं काय? लागलेलंही घातलं नव्हतं, हा भाग वेगळा.

मापातली चोरी त्यामानाने साधी. प्लास्टरचं बिल १,१४० चौरस फुटांचं, आम्ही टेप घेऊन मोजलं तर ८६२. फरक २७८, दर ४८, म्हणजे १३,३४४ रुपये. दारं-खिडक्या वजा न करता भिंत मोजायची, ही युक्ती. टाइलची १० टक्के तूट मालात धरतात, हा मजुरीतही धरतो. विजेचे पॉइंट ४६ लावले, होते ३१. पंख्याचा रेग्युलेटर वेगळा पॉइंट, एकाच बोर्डावरची इंडिकेटरची लाइटसुद्धा पॉइंट. ६५० प्रमाणे ९,७५०. ‘पॉइंट म्हणजे काय’ हे कोटेशनात एका ओळीत लिहून घ्या.

वायर मात्र धोक्याची. ९० मीटरची सीलबंद कॉइलं दाखवली, मी फोटोही काढले. दुसऱ्या दिवशी ती दुकानात परत. घातली कुठली, तर सगळीकडे एकच बारीक वायर. ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर ओढतो, त्याला ४ चौरस मिलिमीटर ठरली होती, निघाली १.५. स्विचबोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडलं तेव्हा नवीन इलेक्ट्रिशियनने उघडून दाखवली. मालाचे फोटो काढून काही उपयोग नाही. कॉइल स्वतः फोडा, रिकामी खोकी आपल्याकडे ठेवा.

आणि मग तक्रार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “करार आहे का?” स्टँप पेपरवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं आहे. “मग दिवाणी मॅटर.” भिंतीत एक आणि बिलात दुसरा पाइप, ही दिवाणी बाब? “काम तर केलंय ना त्याने?” दुसऱ्या वेळी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या वेळी त्यांनी त्याला आमच्यासमोर फोन लावला, तो म्हणाला ‘वहिनींशी बोलतो’, आणि आम्हाला सांगण्यात आलं की बघा, बोलायला तयार आहे. १ जुलै २०२४पासून ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलं, हे आम्ही त्यांना सांगितलं तर “तुम्ही वकील आहात का?” अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली वरिष्ठांना पोस्टाने पाठवा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट. आमचा पोस्टाने गेलेला अर्ज फिरून त्याच टेबलावर आला.

मेहुण्याच्या खात्याबद्दल बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर सांगितलं, हा सायबर गुन्हा नाही. महारेराकडे जाऊ नका, ते बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे, घरात काम करणाऱ्या ठेकेदारासाठी नाही. आम्ही जाऊन आलो. सोसायटीने आमचीच २०,०००ची अनामत अडकवली, खालच्या घराचं नुकसान झालं म्हणून. त्यांचं एका अर्थी बरोबर आहे, पण परवानगी देताना त्याच ठेकेदाराचं नाव ऐकून सेक्रेटरी ‘चांगला माणूस आहे’ म्हणाले होते, ते आता कुणालाच आठवत नाही.

दार उघडलं ते फक्त जिल्हा ग्राहक आयोगाचं, तेही सावकाश. २०१९च्या कायद्याप्रमाणे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. दोन वर्षं ‘करून देतो, करून देतो’मध्ये कशी जातात ते आम्हाला विचारा. आमच्या दोन तारखा झाल्या, दोन्ही वेळा नोटीस ‘पत्त्यावर आढळला नाही’ म्हणून परत. पत्ता त्याच्या आधार कार्डावरचा. तो स्वतः मात्र दोन गल्ल्या सोडून एका घरात टाइल लावतोय.

फोडलेले पाइपाचे तुकडे, ट्रॅप आणि कोब्याखालचा मालही आम्ही गोणीत भरून, तारीख घालून गॅलरीत ठेवला आहे, कारण आयोग तपासणीला मागू शकतो. नवीन गवंडी ते सगळं टेम्पोत टाकायला निघाला होता, टेम्पोचे ३,००० म्हणाला.