जुना लावावा का नवा? लेकरांसाठी सिनेमा निवडताना

मे महिना लागला की गावातल्या आया वाटेत थांबवून विचारतात, "सर, लेकरांना सिनेमा लावून द्यायलाव, जुना चांगला का नवा?" गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाची एक खोली आहे. भिंतीवर पांढरी चादर ताणून, खाली सतरंज्या टाकून मी तिथे सुट्टीत सिनेमे दाखवतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत एकाच गोष्टीचा हाताने काढलेला जुना सिनेमा आणि त्याचा नवा रिमेक, असे दोन्ही त्याच लेकरांना आठवड्याच्या अंतराने दाखवले. त्यामुळे आता मी सरसकट 'जुनं ते सोनं' म्हणत नाही. सिनेमागणिक उत्तर बदलतं.

'द लायन किंग'पासून सुरुवात करतो, कारण तिथे माझं मत सगळ्यात पक्कं आहे. जुना १९९४ चा, ८८ मिनिटांचा. नवा २०१९ चा, ११८ मिनिटांचा. गोष्ट तीच, कितीतरी प्रसंग जसेच्या तसे. नव्याला लोक 'खऱ्या प्राण्यांचा' म्हणतात, पण त्यात खरा प्राणी एकही नाही. सुरुवातीचा सूर्योदयाचा एक शॉट तेवढा कॅमेऱ्याने घेतलेला, बाकी सगळं कॉम्प्युटरवर घडवलेलं, हे दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनीच सांगितलंय. कातडीखाली स्नायू हलतात, आयाळीचा केस न् केस वाऱ्यावर उडतो. पहिली दहा मिनिटं आमची लेकरं आ वासून बघत होती.

मग चुळबुळ सुरू झाली. तिसरीतल्या एका पोरीने माझी बाही ओढली. "सर, आता ह्यातला कोणता सिंह बोलायलाय?" तिचं काही चुकत नव्हतं. खऱ्या सिंहाचं तोंड माणसासारखं वळत नाही, दुःखाने भुवया वर जात नाहीत. नव्या सिनेमाने खरेपणा इतका काटेकोर पाळला की सिंहांचे चेहरे मुके झाले. जुन्यात खलनायक स्कार ओळखायला एक क्षण लागत नाही: काळी आयाळ, हिरवे डोळे, हाडं निघालेला चेहरा, बोलताना तिरकी होणारी जिवणी. त्याचं कारस्थानाचं गाणं हिरव्या धुरात, तरसांच्या पलटणीसमोर होतं आणि अंगावर काटा येतो. नव्यात ते गाणं तोडून बरंचसं बोलण्यावर आणलंय.

बाप मरतो तो प्रसंग दोन्हीकडे आहे. जुन्यात छोटा सिंबा बापाच्या अंगाला धडका देतो, कान ओढतो, मदतीला हाका मारतो, आणि शेवटी त्याच्याच निर्जीव पंजाखाली शिरून निजतो. चादरीवर हे चाललेलं असताना खोलीत पंख्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. पहिलीतला एक पोरगा शेजारच्या बहिणीला बिलगला. नव्यात त्याच जागी दोघं पाणी प्यायला उठले.

यावरून कॉम्प्युटर वाईट असा अर्थ काढू नका. त्याच जुन्या सिनेमात विल्डबीस्ट या आफ्रिकेतल्या शिंगवाल्या जनावरांचा कळप उधळतो, तो कळप कॉम्प्युटरवरच केलेला आहे. अडीच मिनिटांच्या त्या प्रसंगावर दोन वर्षांहून जास्त काम चाललं होतं. कळप कॉम्प्युटरचा आणि चेहरे हाताने काढलेले, अशी वाटणी होती. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. भुवईची एक रेघ, अर्धवट मिटलेले डोळे, आणि करुणा पोचते. तो चेहरा फोटोसारखा असता तर पोचली असती असं मला वाटत नाही.

नव्याची एक बाजू मात्र मानतो. हिंदी डबिंग जोरदार आहे. सिंबाचा बाप मुफासा याला शाहरुख खान, सिंबाला शाहरुखचाच मुलगा आर्यन, आणि सिंबाच्या दोन गमत्या मित्रांपैकी टिमॉनला श्रेयस तळपदे, पुंबाला संजय मिश्रा. आमची लेकरं सगळ्यात जास्त हसली ती या शेवटच्या दोघांना. पण एकच लावायचा असेल तर जुना लावा. अर्धा तास कमीही आहे, आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसताना ते लहान कारण नव्हे.

'द जंगल बुक'ला माझं उत्तर उलटं आहे. १९६७ चा जुना सिनेमा गोड आहे, गाणी सुरेख आहेत. वॉल्ट डिस्ने यांच्या देखरेखीखाली तयार झालेला तो शेवटचा कार्टूनपट. ते डिसेंबर १९६६ मध्ये गेले आणि सिनेमा पुढच्या वर्षी आला. पण त्यात जंगल म्हणजे सहलीची जागा वाटते. २०१६ च्या नव्या सिनेमात जंगलाला धाक आहे. प्राणी इथेही कॉम्प्युटरचेच, तेही फॅवरो यांनीच केलेले, आणि सगळं चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झालेलं. तरी हा सिनेमा धरून ठेवतो, कारण मधोमध मोगली झालेला नील सेठी नावाचा खराखुरा पोरगा आहे. प्राण्यांचे चेहरे जेवढं सांगू शकत नाहीत, तेवढं त्याचा चेहरा सांगतो. लेकरं त्याच्याकडे बघून घाबरतात आणि त्याच्याकडे बघूनच हसतात.

शिवाय या सिनेमात एक प्रसंग आहे जो मराठवाड्यातल्या लेकरांना कुणी समजावून द्यावा लागत नाही. दुष्काळाने नदी आटते, पात्रातला एक खडक उघडा पडतो, आणि जंगलात तह लागू होतो: पाण्यावर आलेल्या कुणालाही कुणी मारायचं नाही. वाघ आणि हरीण एकाच डबक्याला तोंड लावतात. लेखक किपलिंगच्या मूळ गोष्टींत हा तह आहे, १९६७ च्या सिनेमात नाही. आपल्याकडे हा नवा सिनेमा ८ एप्रिल २०१६ ला लागला आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. टाकीचे दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. आमच्या खोलीतल्या बहुतेक लेकरांचा तेव्हा जन्मही नव्हता, पण घागरीच्या रांगेच्या गोष्टी त्यांनी घरी ऐकल्यात. पाचवीतल्या एकाने विचारलं, "सर, पाऊस पडला की वाघ पुन्हा खाणार का त्यांना?" सिनेमात तेच होतं. त्यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं, आणि असं बोलणं दुसऱ्या कुठल्या सिनेमानंतर झालेलं मला आठवत नाही.

आणखी एक फरक सांगण्यासारखा. जुन्यात माकडांचा राजा ओरांगउटान आहे, जो भारताच्या जंगलात नसतोच. नव्यात त्याच्या जागी जायगँटोपिथेकस हा नामशेष झालेला प्रचंड वानर आणला, त्याच्या जवळच्या नात्यातल्या वानराचे अवशेष भारतातही सापडलेत. हिंदी आवाज तर आपल्या घरातलेच वाटतात: बगीराला ओम पुरी, बल्लूला इरफान खान, आणि शेरखानला नाना पाटेकर. दूरदर्शनवर रविवारी मोगलीची मालिका लागायची तेव्हाही शेरखान नानाच होते, त्यामुळे आईबापही शेजारी येऊन बसतात. मात्र सहा वर्षांखालच्यांना हा सिनेमा लावू नका. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात जाळीपलीकडे पेंगणारा वाघ बघितलेलं लेकरू इथे अंगावर झेप घेणारा वाघ बघून रात्री दचकून उठतं. एका आईने मला तसं सांगितलं आणि तिचं बरोबर होतं. त्या वयाला १९६७ चाच बरा.

'डम्बो' जुनाच, १९४१ चा. फक्त ६४ मिनिटं, आणि त्यात ते हत्तीचं पिल्लू एक शब्द बोलत नाही. कोंडलेली आई गजांतून सोंड बाहेर काढून त्याला झोके देते, त्या जागी मोठेही डोळे पुसतात. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात मातृपोषक जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक गोष्ट, रंगवलंय. राजाने पकडून आणलेला हत्ती आंधळ्या आईच्या काळजीने अन्नाला तोंड लावत नाही, शेवटी राजा त्याला सोडून देतो. सिनेमाआधी ही गोष्ट सांगा, लेकरं लगेच जोडून घेतात. जुन्यातली कावळ्यांची टोळी मात्र अमेरिकेतल्या काळ्या लोकांची टिंगल करते अशी टीका आहे आणि ती रास्त आहे. मोठ्या लेकरांशी त्यावर बोला. टिम बर्टन यांनी २०१९ च्या रिमेकमध्ये ते कावळे काढले, पण माणसांचीच गोष्ट इतकी वाढवली की हत्ती कोपऱ्यात गेला.

'सिंड्रेला' २०१५ चा नवा घ्या. जुन्यात राजपुत्र नुसता शोभेला आहे. नव्यात दोघं मेजवानीआधीच रानात भेटतात, बोलतात, त्यामुळे तिचं त्याच्यावर मन बसणं पटतं. 'अलादीन' थोरल्या पोरींसाठी २०१९ चा, कारण त्यात शेवटी जास्मिन स्वतः सुलतान होते. धाकट्यांना १९९२ चा, जिनीच्या क्षणाक्षणाला बदलणाऱ्या रूपांसाठी. 'ब्यूटी अँड द बीस्ट' १९९१ चाच. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला कार्टूनपट, आणि ८४ मिनिटांत जे नीट सांगून झालं त्याला २०१७ मध्ये १२९ मिनिटं लावली. 'मुलान'च्या २०२० च्या रिमेकमधून गाणी गेली, छोटा ड्रॅगनही गेला. लेकरांना तो लढाईचा सिनेमा वाटला, बारापुढच्या मुलांना चालेल.

लावण्याआधी हिंदी आवाज चालू होतो का ते दिवसाउजेडी तपासून घ्या. लेकरं गोळा झाल्यावर इंग्रजीच निघालं तर दहा मिनिटांत खोली रिकामी होते. चादर भिंतीला घट्ट ताणा, सुरकुतीवर आलेला चेहरा बिघडतो. आमच्याकडे येत्या शनिवारी साडेसातला धाकट्यांसाठी 'डम्बो' आहे, आणि त्यापुढच्या शनिवारी थोरल्यांसाठी २०१६ चा 'जंगल बुक'. घरून पाण्याची बाटली आणायला सांगितलंय.