कोलोराडोतील शिकारीसाठी दिलेला इसार

२०२५ च्या जून आणि जुलै या दोन महिन्यांत मी एका माणसाला दोन हप्त्यांत ४,९०० डॉलर दिले. त्याच्याकडे ना जमीन होती, ना घोडे, ना शिकाऱ्यांना रानात नेण्याच्या धंद्याची नोंदणी. मी डॅलसजवळ राहतो, संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि गेली सहा वर्षे टेक्सासात, टोकांना चाके असलेल्या कंपाउंड धनुष्याने हरणाची व रानडुकराची शिकार करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे या छंदाविषयी आपल्याकडच्या वाचकांची मते वेगळी असू शकतात, आणि माझ्या आईची तर ती आहेतच; परंतु येथे विषय शिकारीचा कमी आणि न पाहिलेल्या माणसाच्या भरवशावर दूरच्या प्रवासाची तयारी करण्याचा अधिक आहे.

कोलोराडोत सप्टेंबरमध्ये धनुर्धाऱ्यांसाठी एल्कचा हंगाम असतो. एल्क हे हरीणवर्गातले थोराड जनावर. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो, आणि सप्टेंबर हा माजाचा काळ असल्यामुळे त्याची शिट्टीसारखी साद डोंगरभर ऐकू येते. पूर्वी परराज्यातल्या धनुर्धाऱ्याला तिथल्या बऱ्याच भागांत परवाना थेट विकत मिळत असे. २०२५ पासून आंतरराज्य महामार्ग २५ च्या पश्चिमेला ती सोय बंद झाली आणि आम्हां सर्वांना सोडतीत उतरावे लागले. म्हाडाच्या सोडतीत नाव न लागणाऱ्यांची जी मनःस्थिती असते, तीच माझी मेअखेरीस झाली होती. नेमक्या याच सुमारास, शिकारीच्या सामानाची देवघेव करणाऱ्या एका गटात मी हळहळ व्यक्त केली आणि दुसऱ्याच दिवशी त्या गृहस्थांचा निरोप आला. हा योगायोग नव्हता, हे आज कळते. सोडतीचा निकाल लागल्यावर नाराज झालेली माणसे कुठे बोलतात, हे अशा लोकांना पक्के ठाऊक असते.

त्यांचे म्हणणे असे होते की, अनकंपाग्रे पठारावर, म्हणजे शिकारखात्याच्या ६१ क्रमांकाच्या विभागात, एका जमीनमालकाचे व्हाउचर त्यांच्या हाती आहे. हा ६१ क्रमांक मोठ्या शिंगांच्या नरांसाठी प्रसिद्ध असून सोडतीत तो मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे प्राधान्याचे गुण साठवतात. माझ्याकडे तीन वर्षांचे गुण होते. जमीनमालकांना त्यांच्या शेतांवर व कुरणांवर वन्य प्राणी पोसले जातात म्हणून काही व्हाउचर मिळतात आणि मालक ते शिकाऱ्याला देऊ शकतो, एवढे मला माहीत होते. जे माहीत नव्हते ते असे की, व्हाउचर मालकाकडून थेट शिकाऱ्याकडे आणि तेही एकदाच हस्तांतरित होऊ शकते. मधल्या दलालाने त्याची खरेदी-विक्री करणे हाच मुळात गुन्हा आहे. शिवाय व्हाउचर म्हणजे परवाना नव्हे. ते मिळाल्यावर शिकाऱ्याने स्वतः खात्याकडून, वेगळे शुल्क भरून, परवाना घ्यायचा असतो. नियमपुस्तिकेत हे सारे छापलेले आहे. मी त्या पुस्तिकेतली धनुष्यांविषयीची पाने वाचली होती, ही नव्हती.

आता मी अगदीच बेसावध होतो असेही नाही, आणि म्हणूनच हे सांगावेसे वाटते. कोलोराडोत पैसे घेऊन शिकाऱ्यांना नेणाऱ्या आउटफिटरला राज्याच्या नियामक विभागाकडे नोंदणी करावी लागते, विमा आणि हमीचा बाँड ठेवावा लागतो. या गृहस्थांच्या बिलावर नोंदणी क्रमांक होता. मी तो राज्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. क्रमांक खरा निघाला, पुढे ‘सक्रिय’ असे लिहिलेले होते, व्यवसायाचे नावही जुळत होते. माझे समाधान झाले. त्याच नोंदीवरून त्या व्यावसायिकाचा पत्ता व दूरध्वनी शोधून तिथे विचारणा करायला पाच मिनिटे लागली असती. ती मी केली नाही. बिलावर जो क्रमांक होता त्यावरच फोन केला. म्हणजे चोराने दुसऱ्याच्या घराची पाटी स्वतःच्या दारावर लावली होती, आणि मी पाटी वाचून आत शिरलो.

संदर्भ म्हणून त्यांनी तीन जुन्या ग्राहकांचे फोन क्रमांक दिले. दोघांनी फोन उचलला. दोघेही भरभरून बोलले. एकाने तर सकाळच्या धुक्यात बत्तीस यार्डांवरून केलेल्या नेमाचे असे वर्णन केले की माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना बाणांविषयी विचारले, वाऱ्याविषयी विचारले, तंबूतल्या जेवणाविषयी विचारले. जमिनीचा मालक कोण, हे विचारले नाही. गावाकडे चार गुंठे घ्यायचे तरी सातबारा पाहिल्याशिवाय कोणी इसाराला हात घालत नाही. इथे तर काउंटीच्या नोंदीत जमिनीच्या मालकाचे नाव घरबसल्या पाहता येते, तरीही मी ‘माझ्या एका शेजाऱ्याचे रान आहे’ एवढ्या वाक्यावर ३,४०० डॉलर वायरने, म्हणजे बँकेतून थेट त्यांच्या खात्यात, पाठवले. क्रेडिट कार्डाने भरतो म्हटले तर चार टक्के जास्तीचे पडतील आणि वायरने भरले तर शंभर डॉलर सवलत, असे त्यांनी अगदी सहज सांगितले होते. कार्डाने भरले असते तर बँकेकडे लेखी हरकत घेण्याची सोय राहिली असती. ती सोय मी शंभर डॉलरांना विकली.

त्यानंतरचे सहा आठवडे मी ज्या आनंदात घालवले, त्याची आठवण पैशांपेक्षा जास्त बोचते. डॅलससारख्या सपाट गावात चढ मिळत नाही, म्हणून कार्यालयाच्या वाहनतळाच्या सहा मजली जिन्यावर वीस किलोचे ओझे पाठीवर घेऊन मी रोज चढ-उतार करीत असे. गॅरेजमध्ये चौकटीवर कागद ताणून, त्यातून बाण मारून, फाटलेल्या भोकाचा आकार पाहत बाणाचे टेकण केसभर इकडे-तिकडे सरकवण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ गेल्या. सरावाच्या टोकांइतकेच ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीसाठीची पातीदार टोके, लावलेले बाणही सरळ जाऊ लागेपर्यंत मी थांबलो नाही. विमानासाठी कठीण कवचाची पेटी घेतली, कारण धनुष्य-बाण केबिनमध्ये नेता येत नाहीत, ते चेक-इनच्या सामानातच द्यावे लागतात. पेटी पन्नास पौंडांच्या आत बसावी म्हणून स्नानगृहातल्या काट्यावर तीनदा तोलली. ब्रॉडहेडची पाती फोमच्या वेगळ्या डबीत भरली, षट्कोनी किल्ल्यांचा जुडगा आणि जादा दोरा घेतला, आणि प्रवासात काही हलले तर लगेच कळावे म्हणून दोन्ही कॅमवर, म्हणजे धनुष्याच्या टोकांच्या चाकांवर, दोरी जिथून सुटते तिथे, चंदेरी शाईच्या पेनाने बारीक रेघा ओढल्या. ग्रँड जंक्शनपर्यंत विमान, तिथून भाड्याच्या गाडीने मॉन्ट्रोज, सुमारे शंभर किलोमीटर. आणि विरळ हवेची सवय व्हावी म्हणून शिकारीआधी दोन दिवस तिथे मुक्काम, असा बेत होता.

याच तयारीत एक खूण माझ्यासमोर चालून आली होती. कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण जितक्या टक्क्यांनी उतरतो, त्याला लेट-ऑफ म्हणतात. माझ्या धनुष्याचा तो पंच्याऐंशी टक्के होता. ‘चालेल ना?’ असे मी विचारले तेव्हा गृहस्थ म्हणाले, ‘अगदी खुशाल आणा.’ जुलैत नियमपुस्तिका चाळताना मला दिसले की कोलोराडोत ऐंशी टक्क्यांहून अधिक लेट-ऑफ चालत नाही. मी दुकानात जाऊन मॉड्यूल, म्हणजे लेट-ऑफ ठरवणारा सुटा भाग, बदलून घेतले आणि त्यांना कळवले, तर त्यांनी माझे आभार मानले. तिथे धनुर्धारी शिकाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या माणसाला तिथला धनुष्याचा नियम टेक्सासच्या संगणकवाल्याने सांगावा, यात मला त्या वेळी काही वावगे दिसले नाही; उलट आपण किती दक्ष आहोत, याचाच अभिमान वाटला.

दुसरी खूण छायाचित्रांत होती. ‘मागच्या सप्टेंबरची धनुष्याची शिकार’ म्हणून पाठवलेल्या चित्रात नराच्या शिंगांना धनुष्य टेकवलेले होते, पण मागच्या ॲस्पेन वृक्षांवर एकही पान नव्हते, जमिनीवर बर्फाचे पट्टे होते आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात भडक नारिंगी जाकीट होते. ॲस्पेन सप्टेंबरच्या उत्तरार्धात पिवळे होतात, निष्पर्ण नव्हे. आणि नारिंगी कपड्यांची सक्ती बंदुकीच्या हंगामात असते, धनुष्याच्या नव्हे. ते चित्र मी महिनाभर फोनच्या पडद्यावर ठेवले होते.

जुलैच्या मध्यावर ‘व्हाउचर माझ्या नावावर करण्यासाठी’ आणखी १,५०० डॉलर मागण्यात आले. ते मी फोनवरील झटपट हस्तांतराने दिले, जे एकदा गेले की परत येत नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिसरी मागणी आली. परवान्याचे शुल्कही आपल्याकडेच पाठवा, आम्ही परवाना काढून ठेवतो. इथे मात्र मी थांबलो. परवाना काढायचा तर खात्याने शिकाऱ्याला दिलेला ओळख क्रमांक लागतो आणि शिकारी-शिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते आवश्यक आहे. या माणसाने दोन महिन्यांत या दोहोंपैकी काहीही मागितले नव्हते. माझी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे मी दोरी किती मागे ओढतो ते अंतर, साडेअठ्ठावीस इंच आहे, हे मात्र त्याने आवर्जून विचारून घेतले होते, ‘तळावर जादा धनुष्य ठेवायचे असते’ म्हणून.

मी व्हाउचरची प्रत मागितली. ती आलीसुद्धा, माझ्या नावासह. मॉन्ट्रोज येथील खात्याच्या कार्यालयात फोन करून मी तिच्यावरचा क्रमांक वाचून दाखवला. पलीकडच्या बाईंनी तो दोनदा विचारला, थोडा वेळ थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या की असा क्रमांक असूच शकत नाही, कारण त्यात आकडे जास्त आहेत. मग मी, जे जूनमध्ये करायला हवे होते ते केले: राज्याच्या नोंदीतल्या खऱ्या आउटफिटरचा क्रमांक शोधून फोन लावला. त्याने माझे बोलणे पूर्ण होऊ दिले नाही. त्या उन्हाळ्यात त्याच्या नावाने फसलेला मी चौथा होतो. तो चिडलेला होता, पण माझ्यावर नाही. त्याने मला हेही सांगितले की खरा आउटफिटर तारखा, मार्गदर्शकांची संख्या, इसार आणि रद्द केल्यास परताव्याच्या अटी असलेला लेखी करार केल्याशिवाय पुढे जात नाही, आणि सरकारी वनजमिनीवर नेणार असेल तर त्या खात्याचा परवानाही दाखवतो. मला मिळाले होते ते फक्त बिल.

बँकेने वायर परत मागवण्याचा प्रयत्न केला. खाते रिकामे होते. पोलिसांकडे, राज्याच्या नियामक विभागाकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे मी तक्रारी दिल्या. विमानकंपनीने तिकिटाचे पैसे पुढच्या प्रवासासाठी जमा धरले. बायकोला मी सारे एकदम सांगितले नाही, आधी ३,४०० चे सांगितले, मग आठवड्याने १,५०० चे, आणि तिला त्या दुसऱ्या सांगण्याचाच राग जास्त आला.

ऑक्टोबरमध्ये एक फोन आला. बुडालेले पैसे वसूल करून देणाऱ्या संस्थेतून बोलतो, असे त्या माणसाने सांगितले. रक्कम त्याला ठाऊक होती, ६१ क्रमांकाचा विभागही ठाऊक होता. सहाशे डॉलर आगाऊ भरले की दोन आठवड्यांत निकाल लागेल, असे म्हणून झाल्यावर, माझी खात्री पटावी म्हणून त्याने ‘आमच्याकडे तुमची संपूर्ण फाइल आहे’ असे सांगत माझी माहिती वाचून दाखवायला सुरुवात केली: नाव, शहर, वायरची तारीख, ड्रॉ लेंग्थ साडेअठ्ठावीस इंच. ती मी बँकेला, पोलिसांना किंवा घरातही कोणाला कधी सांगितलेली नव्हती.